अठरा पूर्ण झालेली नसावीत

नियम कसे वाचायचे हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी या मे महिन्यापर्यंत समजत होतो. सत्तावीस वर्षं मी इंदूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली आहेत. कोणाची रजा, कोणाची बढती, कोण कधी निवृत्त होणार, सगळं माझ्या टेबलावरून जातं. लोक येतात, हात जोडतात, म्हणतात, गजभियेजी, माझी जन्मतारीख शाळेत चुकीची लिहिली गेली, खरी दीड वर्षाने पुढची आहे. मी चष्मा काढून त्यांना सांगतो की कागदावर आहे तीच खरी. मग ते निघून जातात आणि मी पुढची फाइल उघडतो. माझ्या या सवयीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर मे महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी माझी मुलगी धम्मदीना हिने एक नऊ पानी परिपत्रक माझ्यापुढे ठेवलं. वर लिहिलं होतं, 'युवा मिश्र दुहेरी कर्लिंग पात्रता स्पर्धा : नियम व पात्रता'. ती म्हणाली, "पप्पा, यात नेमकं काय लिहून राहिलेत ते एकदा बघा ना. खेळाच्या मॅडमना पण नीट समजलं नाही." मॅडमना समजलं नाही आणि मला विचारलं जातंय, याने मी जरा फुललोच. चहा मागवला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसलो. चहा गार झाला तरी मी दुसऱ्याच पानावर होतो.

आधी त्या खेळाचं सांगायला हवं, कारण मलाही तो दोन वर्षांपूर्वी कोणाकडून तरी समजून घ्यावा लागला होता. कर्लिंग बर्फावर खेळतात. वीस किलोचा गोल, गुळगुळीत दगड, त्याला वर दांडी. दांडी धरून खेळाडू घसरत जातो आणि दगड सोडून देतो. दगड पुढे सरकत असतो तेव्हा त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावायचं, म्हणजे तो लांब आणि सरळ जातो. टोकाला बर्फात रंगीत वर्तुळं असतात, त्यांच्या मध्याच्या जवळ ज्याचा दगड थांबेल त्याचा गुण. आता इंदूरमध्ये बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण अन्नपूर्णा भागातल्या धम्मदीनाच्या शाळेत स्पृहा मॅडम नावाच्या खेळाच्या शिक्षिका आल्या, कोल्हापूरच्या, आणि त्यांना या खेळाचं वेड. त्यांनी चाकं लावलेले दगड आणून शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर सुरुवात केली. मग बायपासच्या एका मॉलमधली बर्फाची रिंक सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी दोन तास मागून घेतली. माझ्या ऑफिसातले लोक म्हणाले, भिया, झाडू मारायचा खेळ असेल तर स्वच्छतेत नंबर एक इंदूरला कोण हरवणार. मीही हसलो होतो. पण एकदा सकाळी जाऊन बघितलं तर माझी मुलगी, जी घरी उचललेलं ताट जागेवर ठेवत नाही, ती त्या दगडाच्या पुढे वाकून जीव तोडून बर्फ घासत होती. तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

मिश्र दुहेरी म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी. धम्मदीनाचा जोडीदार यशवर्धन. त्याचे वडील परेशजी पीथमपूरच्या एका औषध कंपनीत आहेत, तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आले. मुलगा शांत, दगड सोडायच्या आधी डोळे मिटणारा. दोघं दोन वर्षं एकत्र सराव करत होते. या पात्रता स्पर्धेतून निवडलेली एकच जोडी डिसेंबरमध्ये काश्मीरला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. पुढच्या वर्षी दोघांचंही वय उलटणार, म्हणून हीच संधी पहिली आणि शेवटची. धम्मदीनाने भिंतीवर काश्मीरचा नकाशा लावला नव्हता वगैरे, पण ती रोज पहाटे पाचला कोणी न उठवता उठत होती, यावरून मला काय ते कळत होतं.

परिपत्रक हिंदीत आणि इंग्रजीत होतं आणि दोन्ही मजकूर एकमेकांना न विचारता लिहिल्यासारखे होते. पहिली तीन पानं खेळाची. प्रत्येक जोडीला दर डावात सहा दगड, पण टाकायचे पाचच; सहावा आधीच मांडून ठेवलेला. पहिला दगड जो टाकेल त्यानेच शेवटचाही टाकायचा, मधले तीन दुसऱ्याने. चौथा दगड येईपर्यंत कोणाचाच दगड बाहेर उडवायचा नाही, उडवला तर परत जागेवर ठेवायचा. मी धम्मदीनाला विचारलं की मग पहिले तीन काय शोभेला टाकता? तिने मला समजावलं. मी मान हलवली. समजलं नव्हतं.

चौथ्या पानापासून पात्रता होती आणि तिथे मी घरच्या मैदानावर होतो. दोन्ही खेळाडू एकाच जिल्ह्याचे रहिवासी हवेत, किमान एक वर्षापासून. ठीक. एका खेळाडूने एकाच जोडीत नाव द्यावं. ठीक. राखीव खेळाडू नाही. नाव नोंदवल्यावर जोडीदार बदलता येणार नाही. जोडीतला एक अपात्र ठरला तर पूर्ण जोडी बाद. हेही ठीक, जरा कडक आहे एवढंच. आणि मग नियम सहा : अंतिम स्पर्धा ज्या हंगामात होईल तो हंगाम सुरू होण्याआधीच्या ३० जून रोजी खेळाडूची अठरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. पात्रता स्पर्धा मेमध्ये, म्हणजे जुन्या हंगामात. अंतिम स्पर्धा डिसेंबरमध्ये, म्हणजे नव्या. मग कोणता ३० जून, गेलेला की येणारा? गेलेला धरला तर धम्मदीना सतरा. येणारा धरला तर अठरा. परिपत्रकावर एक फोन नंबर होता. बुधवारी सकाळी लावला तर एक साहेब म्हणाले गेलेला. दुपारी खात्री करायला परत लावला तर दुसरे साहेब म्हणाले येणारा, आणि वर मलाच विचारलं की गेलेला कोणी सांगितला. स्पृहा मॅडम म्हणाल्या, शालेय स्पर्धांमध्ये एकोणीस वर्षांखालचे चालतात म्हणून त्यांनी वयाकडे बघितलंच नव्हतं. परेशजींनी कॉम्प्युटरवर एक तक्ता करून पाठवला, त्यात हिरवे आणि लाल रकाने होते. तो तक्ता बघून तर माझी पार भंबेरी उडाली. शेवटी संध्याकाळी परिपत्रकाच्या नवव्या पानावर, सह्यांच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ सापडली : म्हणजेच जन्म १ जुलै २००८ रोजी अथवा त्यानंतरचा असावा. एवढं एकच वाक्य पहिल्या पानावर लिहिलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. पण तसं लिहिलं तर परिपत्रक नऊ पानांचं कसं होणार.

यशवर्धनचा जन्म नोव्हेंबर २००८ चा. तो सुटला. धम्मदीनाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर १४ एप्रिल २००८. आणि महिन्यापूर्वीच आम्ही महूला केक कापून तिची अठरा वर्षं साजरी केली होती. मतदार यादीचा फॉर्मसुद्धा भरून झाला होता.

तिने गुणपत्रिका बघितली, परिपत्रक बघितलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे यशवर्धन पण बाद." रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता इथे एक गोष्ट आहे जी मी कोणाला सांगत नव्हतो, म्हणजे लपवत नव्हतो, फक्त सांगत नव्हतो. धम्मदीनाचा जन्म १४ एप्रिलचा नाही. ती ११ ऑगस्टला झाली, स्नेहलतागंजच्या एका प्रसूतिगृहात, सकाळी. त्याच सकाळी आपल्या देशाला नेमबाजीत ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं होतं आणि दवाखान्यातल्या टीव्हीपुढे एवढी गर्दी झाली होती की नर्सला मला हाक मारायला त्या गर्दीत शिरावं लागलं. ही तारीख मी कशी विसरेन.

१४ एप्रिल हे आबांचं काम. आबा म्हणजे माझे वडील, धोंडिबा गजभिये, फौजेतून निवृत्त हवालदार. महूला माझ्या धाकट्या भावाकडे, अश्वजितकडे राहतात. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, आणि त्यांचा जन्मच महूचा, त्यामुळे त्या दिवशी आमच्या गावात कुठून कुठून माणसं येतात. आबांनी आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाची शाळेतली तारीख तीच लावली. माझी १४ एप्रिल, बहिणीची १४ एप्रिल, अश्वजितची १४ एप्रिल, त्याच्या दोन्ही मुलांची तीच. आमच्या नात्यातल्या चार घरांत तरी असंच आहे. जयंतीच्या दिवशी एक मोठा केक येतो आणि त्यावर सगळ्यांची नावं मावत नाहीत म्हणून नुसतं 'जय भीम' लिहून घेतात. मी थोरला, त्यामुळे माझी तारीख तेवढी खरी आणि बाकीच्यांना माझ्याबरोबर बसवलं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. धम्मदीनाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मी देवासला तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. आबाच तिला बोटाला धरून घेऊन गेले, प्रतिज्ञापत्र करून दिलं आणि तारीख लावून आले. मला कळलं तेव्हा मी म्हणालो, ठीक आहे. कागदावर गेलं होतं ना, मग झालं.

पण माझी बायको निशिगंधा हिने ते मनावर घेतलं नव्हतं. बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर तिने गोदरेजच्या कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत लसीकरणाचं कार्ड होतं आणि महापालिकेचा जन्मदाखला, ११ ऑगस्ट २००८, दिलेला २ सप्टेंबरला. मी सांगितलं की दहावीच्या गुणपत्रिकेपुढे हा चालत नाही. तर तिने तेच परिपत्रक माझ्या हातातून घेतलं आणि नियम अकरा, पोटनियम ग वर बोट ठेवलं. सत्तावीस वर्षांच्या अनुभवी माणसाने तो वाचलाच नव्हता, कारण तो 'कागदपत्रं' या मथळ्याखाली होता आणि कागदपत्रांचं मला सगळं माहीत आहे. त्यात लिहिलं होतं की जन्मापासून एका वर्षाच्या आत दिलेला जन्मदाखला असेल तर तो गुणपत्रिकेच्या वर मानला जाईल. मात्र शाळेत वेगळी तारीख ज्या व्यक्तीने दिली, त्या व्यक्तीने नोंदणीच्या ठिकाणी समक्ष येऊन ती तारीख खरी नव्हती असं लिहून द्यावं.

धम्मदीना दारात उभी राहून ऐकत होती. तिने आत येऊन दाखला वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता चिडेल, आणि तिचा हक्कच होता. पण तिने आईकडे बघितलं आणि विचारलं, "ऑगस्टमध्ये तू खीर करतेस ती म्हणून?" निशिगंधा हो म्हणाली. दर ११ ऑगस्टला घरात खीर होत होती आणि मी सतरा वर्षं ती का होते हे न विचारता खात होतो. मुलीने दाखला परत पिशवीत ठेवला. म्हणाली की ती आता सतराची आहे की अठराची हेच तिला समजत नाहीये, आणि झोपायला गेली. मलाही समजत नव्हतं, पण मला झोप आली नाही.

नोंदणी शनिवारी बारा वाजता बंद होणार होती. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी स्कूटर काढून महूला गेलो. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वय चौऱ्याऐंशी, पण शर्टाची इस्त्री अजून फौजेतली. मी सगळं समजावून सांगितलं, दगड, हंगाम, ३० जून, पोटनियम ग. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी फक्त एवढं विचारलं की त्यांनी खोटं सांगितलं होतं, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं का. मी म्हणालो, भाषा जरा नरम ठेवता येईल. ते म्हणाले भाषेचा काय संबंध.

मग जे बोलले ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

"मी भरतीला गेलो तेव्हा साहेबाने विचारलं, जनम कब का है? मला कुठे ठाऊक. माझ्या मायला विचारलं असतं तर ती बोलली असती, पूर आला त्या साली. साहेब हसला. बाजूचे पण हसले. आणि त्याने लिहून टाकलं, एक जुलै. माझ्या मागे होता त्याची पण एक जुलै. त्याच्या मागच्याची पण. पूरी लाइन एकाच दिवशी जन्मली आमची." त्यांनी हात मांडीवर पुसले. "तेव्हाच ठरवलं होतं. माझ्या मुलांना तारीख कोणी साहेब देणार नाही, मी देईन. आणि देईन तर अशी देईन की विचारणारा हसणार नाही, उठून उभा राहील. आता तू मला सांगून राहिलास की साहेबापुढे जाऊन बोला, ती खोटी होती."

मी आस्थापना शाखेतला माणूस, मला उत्तरं परिपत्रकातून सापडतात. मी एवढंच म्हणालो की पोरीचं नुकसान होईल. ते म्हणाले, पोरीला जी तारीख दिली आहे तिच्यापेक्षा मोठं तिला काश्मीरमध्ये काय मिळणार आहे. त्यानंतर ते आत गेले. अश्वजितने मला चहा दिला आणि नजर चुकवली. येताना पूर्ण रस्ता मी आबांवर चिडलेला होतो, आणि राऊच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोळ्यांत पाणी आहे. का ते मला तेव्हा उमगलं नाही.

शुक्रवारी परेशजींचा फोन आला. फार सभ्य माणूस. आवाज एकदाही चढला नाही, पण म्हणाले की मुलाचे दोन वर्षांचे श्रम आहेत, आणि अजून नोंदणी झालेली नाही तोवर यशवर्धनसाठी देपालपूरच्या एका मुलीचं नाव मॅडमनी सुचवलं आहे. तिच्या कागदांत काही घोळ नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांची चूक काय हे मात्र सापडेना. मी म्हणालो शनिवारी सकाळपर्यंत थांबा. कशाच्या जोरावर म्हणालो कोण जाणे. नंतर कळलं की यशवर्धनने घरात सांगून टाकलं होतं, खेळेन तर धम्मदीनाबरोबर, नाहीतर नाही. त्याने आमच्यावरचं ओझं वाढवलं की कमी केलं, हेही मला ठरवता आलं नाही.

त्याच दिवशी दुपारी धम्मदीना कोणाला न सांगता बसने महूला जाऊन आली. संध्याकाळी परतली तेव्हा मी विचारलं, आबा काय म्हणाले. ती म्हणाली की तिने त्यांना काही मागितलंच नाही. फक्त मिश्र दुहेरी कशी खेळतात ते अंगणात विटांचे तुकडे मांडून दाखवलं. आबांनी खूप प्रश्न विचारले. पहिला आणि शेवटचा दगड कोण टाकतं, मधल्या वेळी दुसरा काय करतो, एक जण घसरून पडला तर काय. मी विचारलं, आणि तारखेचं? ती म्हणाली, "ते बोलले नाहीत, मी पण बोलले नाही. पप्पा, मला ती तारीख आवडते. पण यशवर्धनची तर ती नाहीये ना."

शनिवारी दहा वाजता आम्ही रिंकवर पोचलो. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटला हात लावता येत नव्हता, आत कुडकुडायला होत होतं. दाराशी टेबल लावून एक निरीक्षक बाई बसल्या होत्या, दिल्लीहून आलेल्या, अंगात जाड जाकीट. मी दाखला पुढे केला. त्यांनी गुणपत्रिका बघितली, दाखला बघितला, पोटनियम ग बघितला, आणि हिंदीत विचारलं की शाळेत तारीख देणारी व्यक्ती कुठे आहे. मी म्हणालो येत आहेत. हे मी का म्हणालो ते मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो आणि हात आपोआप जोडले गेले होते. बाईंनी घड्याळ बघून मला खुर्ची दिली.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. परेशजी दोनदा बाहेर जाऊन आले. यशवर्धन आणि धम्मदीना जोडे घालून बसले होते. निशिगंधा सारखी दाराकडे बघत होती. पावणेबाराला अश्वजित आबांना घेऊन आला. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. बाहेरच्या उजेडातून आत आल्यामुळे त्यांना क्षणभर काही दिसेना, तर ते तिथेच ताठ उभे राहिले. धम्मदीना उठून गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना टेबलापर्यंत घेऊन आली. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "जोडीदार बुडवायचा नसतो. हे मला फौजेने शिकवलं, तुझ्या बापाच्या परिपत्रकाने नाही."

निरीक्षक बाईंनी कागद आणि पेन पुढे केलं. आबांचा हात थरथरतो म्हणून त्यांनी मला लिहायला सांगितलं आणि उभ्याने, हिंदीत, एकेक शब्द तोडून मजकूर सांगितला.

"मैं, हवालदार धोंडिबा गजभिये. मेरी पोती का जन्म ग्यारह अगस्त का है. स्कूल में चौदह अप्रैल मैंने लिखवाया. वह दिन मैंने उसको अपनी खुशी से दिया था. आज वापस लेता हूँ."

'वापस लेता हूँ' लिहिताना मी थांबलो. नियमाला एवढ्याची गरज नव्हती, तारीख खरी नव्हती एवढंच पुरे होतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं. ते म्हणाले, लिही. मी लिहिलं. त्यांनी सही केली, तीन मिनिटं लागली त्या सहीला. बाईंनी तो कागद वाचला, आणि माझ्या टेबलावर सत्तावीस वर्षांत मी जे कोणासाठी केलं नाही ते त्यांनी केलं : उठून उभ्या राहिल्या आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. मग शिक्का मारला. बाराला पाच कमी होते. जोडी क्रमांक चौदा, पात्र.

धम्मदीना आबांच्या गळ्यात पडली. ती रडत होती आणि आबा तिला सांगत होते की बर्फावर पाणी सांडलं तर दगड अडकेल. परेशजींनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मुलं सरावाला गेली, निशिगंधा आणि अश्वजित त्यांच्यामागे काचेपाशी जाऊन उभे राहिले.

आबा आणि मी मागच्या बाकावर बसलो. मला इतकं हलकं वाटत होतं की जरा थट्टा करावीशी वाटली. म्हणालो, आबा, एक तारीख तर परत घेतली, आता बाकीच्यांच्या पण घ्याल काय? बहिणीची, अश्वजितची? ते बर्फाकडे बघत होते. मग मी हसतच म्हणालो, "माझी तेवढी राहू द्या. माझी तर खरी आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आश्चर्य वाटलं होतं, मला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं याचं.

"नाही रे, पंचशील. तुझ्या वेळी मी सरहद्दीवर होतो. चिठ्ठी मिळाली तेव्हा महिना उलटून गेला होता. त्यात एवढंच होतं की मुलगा झाला, दोघं ठीक आहेत. तारीख लिहायचं राहून गेलं असेल."

"मग माझी कोणती?"

"चंपाला माहीत होती."

चंपा म्हणजे माझी आई. मी विचारलं की तुम्ही तिला कधी विचारलं नाही का. ते म्हणाले, सुट्टीवर आलो तेव्हा तू रांगत होतास, तारखेचं कोणाच्या डोक्यात. शाळेच्या वेळी मी दिली ती तिलाही आवडली. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने, की मी तिला कधी विचारलं नाही का.

माझं कागदावरचं वय बावन्न आहे. आई जाऊन नऊ वर्षं झाली. त्याआधी सगळी वर्षं ती मला केव्हाही विचारता येईल इतकी जवळ होती.